उलट्या पिळाचा दोर

थॉर्न क्रीक, वायोमिंग
१८ मे

प्रिय कोरीन,

मी ओपल. तुझ्या वडिलांची बायको. हे वाचून पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी एवढं सांग: गरम गोंदाने चिकटवलेला दोर उन्हाने खाली पडतो, त्याला काय करायचं?

आपण एकदाही भेटलो नाही आणि मी थेट गोंदाचं विचारतेय, मला कळतंय. पण क्लेटची सून सांगत होती की तू तिकडे अमरिलोला घोड्यांचे ट्रेलर आतून सजवून देण्याचंच काम करतेस. मग मी दुसऱ्या कुणाला कशाला विचारू?

आपला जुना ट्रेलर तुला आठवत असेल. मागे दोन घोडे, आणि पुढच्या निमुळत्या भागात खोगिरं ठेवायची कोंदट खोली. ती मी साफ केली. उंदरांची घरटी काढली, भिंतींना देवदाराच्या फळ्या ठोकल्या, झोपायला एक फळी टाकली. आता फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी आहेत, कारण कापल्या मी आणि मोजल्याही मीच. त्या फटी झाकायला जुने दोर लावायचे असं ठरवलं. इथे सगळ्याच बायका लावतात, पण मला कुणाला विचारायचं नव्हतं. मग शहाण्यासारखं शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सजावटीतला उरलेला गरम गोंद वापरला.

दुपारी तुझा बाप आत डोकावला. "दिसतंय बरं," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. तेवढ्यात छताजवळचा अख्खा दोर सुटला आणि टोपीवरून घसरून बरोब्बर त्याच्या गळ्यात पडला. जन्मभर गोऱ्ह्यांना फास टाकले, आणि शेवटी अडकला कुठे तर माझ्या नक्षीत! मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. तो नाही हसला. पण रात्री जेवताना एकदा मान चोळली आणि मिशीत काहीतरी झालं.

बाकी इथे ठीक. क्लेट घोड्यावरून पडला आणि कंबर मोडून बसलाय, त्यामुळे ऑगस्टच्या जत्रेत तुझ्या बापाला जोडीदार नाही. शंभरीचा खेळ तुला माहीत आहे, एकाच गोऱ्ह्याला दोघांनी फास टाकायचे, आणि दोघांची वयं मिळून शंभर भरली पाहिजेत. अर्विन अडुसष्टचा आहे, तेव्हा जोडीदार निदान बत्तीसचा तरी हवा. मी तुला बोलावत नाहीये. सहज सांगितलं.

गोंदाचं तेवढं कळव.

ओपल हॅलगार्ड


२ जून

प्रिय कोरीन,

तुझं उत्तर आलं! पाच ओळी, वर "मिसेस हॅलगार्ड" आणि खाली नुसतं "को." चालेल. मी ते फ्रीजवर लावलंय, कारण त्यातलं सगळं कामाचं आहे. दोर आधी गरम पाण्यात साबण घालून भिजवायचे म्हणजे मेण आणि शेणमाती निघते, मग कुंपणाच्या दोन खांबांमध्ये ताणून वाळवायचे. कापताना तापलेली सुरी, म्हणजे टोक वितळून बंद होतं आणि पिंजत नाही. गोंद सुताराचा, आणि बारीक चुका पेडांच्या मधल्या खाचेत ठोकायच्या म्हणजे डोकं दिसत नाही. अगं, किती सोपं! आणि मी आठवडाभर बोटं भाजून घेत होते.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. अर्विनने गोठ्यातलं पिंप दाखवून म्हटलं, "घे हवे तेवढे. मेलेले दोर आहेत." दोरातली ताठरता गेली की तो मेला म्हणायचं, हे मला लग्नानंतर कळलं. त्याआधी मी वीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात होते, तिथे मेलेला फक्त कोबी असायचा.

आता ऐक, मला तुला एक चमत्कारिक गोष्ट विचारायची आहे.

खिडकीची चौकट राहिली होती आणि पिंप रिकामं झालं. मी गोठ्यात शोधलं. दाराच्या मागे घोड्याची जुनी घोंगडी टांगलेली होती, तिच्या खाली खिळ्याला एक दोर होता. छान गुंडाळलेला. घेतला, धुतला, कापला, लावला. आणि वरच्या कोपऱ्यात दोन दोर भेटले तिथे बघते तर काय, जुळेचना! एकाचे पेड उजवीकडे चढतायत, दुसऱ्याचे डावीकडे. वाटलं, मी उलटा लावला. काढला, फिरवून लावला. तरी तसंच. दोर कसाही फिरवला तरी त्याचा पीळ काही बदलत नाही, हे तुला हसू येण्यासारखं असेल, पण मी एकसष्टाव्या वर्षी शिकले.

मी अर्विनला हाक मारली, म्हटलं बघ तरी हे काय आहे. तो आला. खिडकीकडे बघितलं. त्या दोरावरून बोट फिरवलं, आणि निघून गेला. त्या दिवशी रुबार्बचा पाय, त्याचा आवडता गोड पदार्थ, केला होता. त्याने हातही लावला नाही. रुबार्बचा पाय, कोरीन!

"काय झालं?" म्हटलं.

"काही नाही."

"तो दोर नको होता का घ्यायला?"

"दोर आहे. लागला तर घ्यायचा."

असं म्हणाला आणि बाहेर जाऊन पाणी घातलेल्या घोड्यांना पुन्हा पाणी घालत बसला.

आता मला चैन पडेल का? तूच सांग. त्या दोरात असं काय आहे?

ओपल


१४ जून

प्रिय कोरीन,

तू उत्तर दिलं नाहीस. मी वाट बघितली आणि मग क्लेटकडे गेले. त्याला बसून बसून कंटाळा आलाय, त्यामुळे तो काहीही सांगतो.

दोराचा एक तुकडा नेला होता. त्याने तो हातात धरून एकदाच फिरवला. "हा डावऱ्याचा दोर आहे," म्हणाला.

"म्हणजे?"

"उजव्या हाताने फिरवायचा दोर एका बाजूला पिळलेला असतो, डाव्या हातासाठीचा उलटा. नाहीतर फास उघडत नाही, दोराला पीळ चढतो. हा मुद्दाम मागवावा लागतो. कुठल्याही दुकानात टांगलेला नसतो."

"अर्विन तर उजव्या हाताचा आहे."

"हो."

"मग आमच्या घरात डावखुरं कोण?"

क्लेटने तुकडा खाली ठेवला. "ओपल," म्हणाला, "तुला खरंच कुणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. तू घर सोडलंस एवढं माहीत होतं. का, ते विचारलं की अर्विन घोडे मोजायला लागतो. मग क्लेटने सांगितलं. तू लहानपणापासून बापाची जोडीदार व्हायचं म्हणून बसली होतीस, त्याने फासात गोऱ्ह्याची शिंगं धरायची आणि तू मागचे पाय. आणि तो म्हणाला, जोडीच्या खेळात डावरीला जागा नाही. चमच्यापासून लगामापर्यंत तुझा हात बदलायला लावला. एकोणिसाव्या वर्षी तू जत्रेच्या खेळात नाव द्यायला गेलीस, तर त्याने तुझ्यासमोर क्लेटच्या पुतण्याचं नाव जोडीदार म्हणून सांगितलं. तू त्याच दिवशी गेलीस. आईच्या मातीला आलीस तीही जेवायला न थांबता परत गेलीस.

मला फार वाईट वाटलं, हे सरळच सांगते. आणि त्याचा रागही आला. घरी येऊन बटाटे जरा जास्तच जोरात कुस्करले.

मग डोक्यात आलं, तो दोर तुझाच असणार! तू मागे ठेवून गेलेला. त्याने इतकी वर्षं घोंगडीखाली जपून ठेवला, आणि मी बावळटाने तापल्या सुरीने त्याचे सहा तुकडे केले. असं असेल तर मला माफ कर. खरंच माफ कर. हवं असेल तर सगळे काढून पाठवते.

आणि आता मी आतापर्यंत लपवलेलं सांगते. अर्विनचा उजवा खांदा गेलाय. सप्टेंबरात डॉक्टर तो कापून आत धातू बसवणार आहेत. त्यानंतर दोर फिरवणं बंद. ही जत्रा शेवटची. जोडीदार मिळाला नाही तर तो कठड्यावर बसून बघेल आणि म्हणेल मला काही फरक पडत नाही. त्याला फरक पडतो. मी त्याच्या शेजारी झोपते, मला माहीत आहे.

मी म्हटलं होतं ना, बोलावत नाहीये? ते खोटं होतं.

ओपल


३ जुलै

प्रिय कोरीन,

या वेळी तू "ओपल" लिहिलंस. माझ्या लक्षात आलं बरं का.

आणि पुढे लिहिलंस: "तो दोर माझा नाही. मला त्याने डावा दोर कधीच घेऊन दिला नाही. मी उजव्या दोरानेच डावीकडून फास टाकायचे, आणि फास उघडायचा नाही, आणि तो म्हणायचा, बघ, सांगितलं होतं. दोर किती झिजलेला आहे? झीज कुठे आहे?"

या ओळी मी दहा वेळा वाचल्या. म्हणजे तुलाही आता चैन पडत नाहीये! छान. दोघी मिळून वेड्या होऊ.

मी दिवा धरून बघितलं. भरपूर झिजलाय. जिथून दोर सरकतो त्या फासाच्या डोळ्याला कातड्याची पट्टी असते ना, ती पार फाटून गेलेली. म्हणजे कुणीतरी तो शेकडो वेळा टाकलाय. टांगून ठेवायला घेतलेला नाही.

मग कुणी? क्लेट उजव्या हाताचा. त्याचा पुतण्या उजव्या हाताचा. तुझी आई दोराला हातच लावत नसे, असं क्लेट म्हणतो. मी सगळ्या गावातले डावरे मोजले. पोस्टातली बाई आणि पाद्री. पाद्र्याला घोड्यावर बसता येत नाही.

परवा सकाळी मी ट्रेलरमध्ये चुका ठोकत होते. खिडकीतून फाटकापर्यंतचं अंगण दिसतं, तिथे सरावाचा लोखंडी गोऱ्हा गवतात उभा असतो. अर्विन आला. इकडेतिकडे बघितलं. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने क्लेटचा एक साधा दोर घेतला आणि डाव्या हातात धरून डोक्यावर फिरवायला लागला.

अगं, काय तो प्रकार! फास उघडला नाही, वेडावाकडा झाला आणि त्याच्याच बुटात अडकला. त्याने शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. पण हात बघितला मी, कोरीन. मनगट बरोबर वळत होतं. पहिल्यांदा करणाऱ्याचा तो हात नव्हता. दोर चुकीचा होता, हात नाही.

मी हातोडी घेऊन बाहेर आले. "काय चाललंय?"

"हात मोकळा करतोय."

"डावा?"

"उजवा दुखतो."

"अर्विन हॅलगार्ड, मी वीस वर्षं पोरांना जेवायला वाढलंय. कोण थापा मारतंय ते मला ताट बघून कळतं. तो दोर तुझा आहे."

बराच वेळ तो बुटातली गाठ सोडवत राहिला. मग उलट्या बादलीवर बसला.

"ती गेली त्या हिवाळ्यात मागवला," म्हणाला. "मला बघायचं होतं, मी तिला सांगितलं ते खरं आहे का."

"आणि?"

"पूर्ण हिवाळा टाकला. आधी कशालाच लागेना. मग डोकं लागायला लागलं. पाय मात्र जमेनात. मग मी हा लोखंडी गोऱ्हा थोडा पुढे ओढला. आणखी थोडा. मग जमले."

"मला नीट सांग, मी भटारखान्यातली आहे."

त्याने मातीत बोटाने काढून दाखवलं. शिंगं धरणारा गोऱ्ह्याला डावीकडे वळवतो. अर्विनचं वळण आखूड आणि जोरात, सगळा तालुका त्याचं कौतुक करायचा. पण तसं वळवलं की मागच्या डावऱ्याला फास टाकायला जागाच उरत नाही. तेच वळण लांब घेतलं, गोऱ्ह्याला जरा पुढे नेलं, की जागा होते.

"अडचण पोरीच्या हातात नव्हती," तो म्हणाला. "माझ्या वळणात होती."

मी हातोडी खाली ठेवली. "मग तिला कळवलं का नाहीस?"

"तोवर तिचं तिकडे नाव व्हायला लागलं होतं. एकटीच्या खेळात बक्षिसं. माझ्यावाचून चाललं होतं तिचं. मी चुकलो हे ऐकून तिला काय मिळणार होतं?"

"गाढवा," म्हटलं मी. "तेच मिळणार होतं."

मग म्हणाला, हे तिला लिहू नकोस. मी म्हटलं, बरं.

आणि लिहायला बसले.

ओपल


२१ जुलै

प्रिय कोरीन,

दोन आठवडे झाले, तुझं काही नाही. मला समजतं. इतक्या वर्षांचा राग एका पत्रात विरघळायला तो काय साखर आहे? तू राग धर. पण मला थोड्या गोष्टी सांगायच्याच आहेत.

पहिली. ते सहा तुकडे मी काढून टाकायला निघाले होते. एक हातात होता, तो सहज साध्या दोराशेजारी धरला, अगदी चिकटून. आणि एकाचे पेड उजवीकडे, एकाचे डावीकडे, मध्ये गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी तयार झाली! एवढे दिवस मी त्यांना टोकाला टोक जोडत होते. ते शेजारी शेजारी लावायचे होते. आता झोपायच्या फळीभोवती सगळीकडे ती ओंबी आहे. तू हे काम करतेस, तुला हे आधीच माहीत असेल. असेल तर सांगू नकोस, मला माझा शोध राहू दे.

दुसरी. जत्रेच्या कचेरीत मी फोन केला. डावऱ्यांना आपल्याकडे बंदी आहे का विचारलं. नाही म्हणाले, कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग मी नावं दिली. अर्विन हॅलगार्ड आणि कोरीन हॅलगार्ड. अडुसष्ट आणि छत्तीस, एकशे चार. घरी येऊन सांगितलं तर तो बीटासारखा लाल झाला. "तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणून ओरडला. पण रद्द करायला फोन त्याच्या हाताशी होता, आणि त्याने केला नाही. गेले आठ दिवस तो घोडीला फक्त लांब वळणं घ्यायला शिकवतोय. घोडी वैतागली आहे. तिची सवय त्याच्यासारखी सतरा वर्षांची नसेल, पण तीही आखूड वळणालाच सरावलेली.

तिसरी. हा ट्रेलर माझ्यासाठी नाही. शेळ्यांच्या प्रदर्शनासाठी नाही, तसं मी क्लेटला सांगत होते. तू आलीस तरी या घरात झोपणार नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते तुझ्या आईचं स्वयंपाकघर आहे आणि त्यात आता माझी भांडी आहेत. मीही नसते झोपले. म्हणून जत्रेच्या मैदानावर तुला तुझं असं छप्पर असावं, आतून कडी लागणारं, हे माझ्या मनात होतं. फळी तुझ्या उंचीची केली, उंची क्लेटच्या सुनेला विचारली.

मी तुझी आई व्हायला निघालेली नाही. मला फक्त उत्सुकता आहे. सहा वर्षं मी एका माणसाबरोबर राहतेय आणि त्याची अर्धी गोष्ट अमरिलोला राहते.

काल त्याला म्हटलं, तिला लिहितेय, तुला काही सांगायचं आहे का? नाही म्हणाला. बूट घातले, दारापर्यंत गेला, परत आला.

"तिला सांग, वळण मी लांब घेईन."

एवढंच. मी शब्दही बदललेला नाही.

खेळ नऊ ऑगस्टला, दुपारी.

ओपल


९ ऑगस्ट, सकाळ

प्रिय कोरीन,

हे पत्र टपालात टाकायला उशीर झालाय. तुझं काही उत्तर नाही आलं, तरी मी ट्रेलर झाडला, चादर घातली, आणि हातात पेन घेऊन फळीवर बसलेय. काल अर्विनने येऊन एक खिळा ठोकला आणि त्याला काहीतरी टांगलं. नवा डावा दोर आहे. इतका ताठ, की अजून वेटोळ्यात बसत नाही. कधी मागवला ते मला सांगितलं नाही. मी या वेळी विचारलंही नाही, यावरून बघ.

खिडकीतून फाटक दिसतं. तिथे टेक्सासच्या नंबरची एक गाडी उभी आहे. इंजिन बंद. बराच वेळ झाला, कुणी उतरत नाहीये. अर्विनने गोठ्यातून पाहिली. तो खोगिराचा पट्टा आवळतोय, सोडतोय, परत आवळतोय. जा ना रे बाबा!

गेला. टोपी काढून जातोय. वाटेत थांबला, परत टोपी घातली.

तू काच खाली केलीस. तो काय बोलला ते मला ऐकू येत नाही, आणि माझा जीव चाललाय. फार लहान काहीतरी होतं. तू समोर बघतेयस, त्याच्याकडे नाही. आता तो हाताने दाखवतोय. डावीकडे, आणि मग पुढे, आणखी पुढे, हात पुरत नाही म्हणून दोन पावलं चालून दाखवतोय.

दार उघडलं. तू क्लेटच्या सुनेने सांगितल्यापेक्षा उंच आहेस, फळी आखूड पडणार.

तू त्याला मिठी वगैरे मारली नाहीस. बरोबर केलंस. त्याच्या बाजूने चालत लोखंडी गोऱ्ह्यापाशी आलीस, आणि डावा हात पुढे केलास, काहीतरी मागतेयस. तो खिसे चाचपतोय, आता वळून इकडे धावत निघालाय, अडुसष्टाव्या वर्षी, त्या खांद्याने! नवा दोर इथे माझ्या डोक्यावर टांगलाय ना.

मीच नेऊन देते. पेन ठेवते.

ओपल